छर्ऱ्यांचं घड्याळ

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, असा कोणाचा गैरसमज होऊ नये. भिंतीवर लग्नात आलेलं एक होतं, हिच्या मनगटावर माहेरचं एक होतं, आणि रेडिओ तर न विचारता दिवसातून चार वेळा किती वाजले ते सांगायचा. तरीही मी घड्याळ बनवायला घेतलं. का, असं जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीनं मला विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं कारण असं की, मी सरकारी कचेरीत आरेखक. दिवसभर कालव्यांचे नकाशे काढायचे, उतार दाखवायचे, बाण काढायचे. आपण आखलेल्या उतारावरून काहीतरी खरोखर धावताना एकदा डोळ्यांनी बघावं, अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. पाणी घरात सोडता येत नव्हतं, म्हणून मी सायकलीच्या दुकानातून मोठे छर्रे, म्हणजे चाकातल्या पोलादी गोळ्या, आणले.

घड्याळाची रचना सांगतो. ती मी सगळ्यांनाच सांगतो, त्यामुळे तुमची सुटका नाही. एक छोटी मोटर. तिच्या दांड्याला एक चमचा. दर मिनिटाला तो चमचा खालच्या थाळीतला एक छर्रा उचलतो आणि वर नेऊन ठेवतो. छर्रा नागमोडी पट्टीवरून गडगडत येतो आणि मिनिटांच्या पन्हळीत बसतो. पन्हळीत पाच छर्रे जमले की ती कलंडते. चार छर्रे परत थाळीत आणि एक खालच्या, पाच-पाच मिनिटांच्या पन्हळीत. तास भरला की सगळ्या पन्हळी एकदम कलंडतात आणि एक छर्रा सर्वांत खालच्या, तासांच्या पन्हळीत जाऊन बसतो. बाकीचे सगळे थाळीत पडतात. या पडण्याचा आवाज कागदावर आखता येत नाही, त्यामुळे तो मी हिशेबात धरला नव्हता.

काटे नाहीत, आकडे नाहीत. वेळ बघायची म्हणजे छर्रे मोजायचे. ही गोष्ट मला त्या घड्याळाचं सौंदर्य वाटे आणि हिला त्यातला दोष. "शाळेची वेळ झाली का, हे बघायला पोरांनी आधी गणित करायचं का?" असं ती म्हणाली. पट्ट्या पडद्याच्या होत्या, म्हणजे हॉलचे पडदे त्या दिवसापासून सुतळीवर आले. चमचा पोह्यांचा होता. थाळीबद्दल मी काही बोलणार नाही, कारण तिच्यावर हिच्या आत्याचं नाव कोरलेलं आहे.

सर्किटचे भाग मुंबईहून व्ही.पी.नं मागवले. पोस्टातल्या बाबूंनी पार्सल हातात धरून हलवलं. त्या वर्षी ट्रान्झिस्टर-बॉम्बच्या भीतीनं बसस्थानकांवर बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नये अशा पाट्या लागलेल्या. "आत काय आहे?" "घड्याळ." "टिकटिक करत नाही." "अजून बनवायचं आहे." "मग घड्याळ कशाला म्हणता?" शेवटी त्यांनी मला पार्सल अंगणात नेऊन फोडायला लावलं आणि स्वतः खिडकीआडून बघत राहिले. मी एकेक वस्तू वर धरून दाखवत होतो आणि रस्त्यावरचे लोक मी काही विकतोय असं समजून जवळ येत होते.

घड्याळ चालू झालं आणि कॉलनीनं सल्ल्यांचा धडाका लावला. शेजारचे सुरेशचंदशेठ यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. ते म्हणाले, "भाऊसाहेब, हे दुकानात द्या लावायला. गिऱ्हाईक बघत उभं राहिलं की काहीतरी घेऊनच जाईल." समोरचे सुकदेवभाऊ म्हणाले, थाळीत गोधडी घाला. मागच्या घरातल्या बाईंनी निरोप पाठवला की, बाळ झोपल्यावर तास वाजू नये अशी सोय करावी. माझं घड्याळ म्हणजे काय नगरपालिकेचा नळ होता, की हव्या त्या वेळी बंद करावा!

त्या घड्याळाचा खरा आदर केला तो एकाच व्यक्तीनं, सुरेशचंदशेठच्या आई प्रेमकुंवरबाई यांनी. त्यांना सगळे बाईजी म्हणत. बाईजी रोज सकाळी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसत. पाऊण तासाची बैठक. तेवढा वेळ उठायचं नाही, बोलायचं नाही, मनातसुद्धा संसार आणायचा नाही. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यांनी मुलाचं घड्याळ सोडलं आणि माझं धरलं. आठचे छर्रे पडले की बसायचं, नऊचे पडले की उठायचं. "वरचा वेळ धर्माला," असं त्या म्हणत. मला त्या दिवसांत आपण काहीतरी पवित्र बनवलंय असं वाटू लागलं होतं.

आता माझ्या सासऱ्यांकडे वळतो, कारण सगळं त्यांच्यामुळे घडलं. अभिमननाना भडगावकडचे शेतकरी. माणूस कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते मला लागायचं. पहिल्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा हातातली काठी टेकून बराच वेळ उभे राहिले.

"जवाईबापू, हाई काय शे?"

"घड्याळ, नाना."

"काटा नहीत, आकडा नहीत, आनि घडी शे!"

"नाना, त्यासले करू द्या," ही आतून म्हणाली. यात मदत कमी आणि कीव जास्त होती.

पुढे माझी मेहुणी लता हिचं लग्न धुळ्याला ठरलं. मुलगा चांगला, लतालाही मनापासून पसंत. अडचण एकच, मुलाचे वडील. झुलाल गुरुजी निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर शाळेची घंटा त्यांच्या इशाऱ्यावर वाजलेली. साखरपुड्याला आमची मंडळी उशिरा पोचली. गाडी पंक्चर झाली होती, पण नानांकडच्या कोणत्याही कार्याला गाडी पंक्चर होतेच. गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "लग्न आमच्या दारी आहे, गोरज मुहूर्त आहे, बरोबर सात वाजता. सातच्या ठोक्याला वधू आणि वर अंतरपाटाशी उभे नसतील, तर त्या दिवशी लग्न लागणार नाही. मी शब्द फिरवत नाही."

लताचा चेहरा उतरला. वातावरण हलकं करावं म्हणून नानांनी माझी ओळख करून दिली. "हाऊ मना मोठा जवाई. सरकारी नोकरी शे. घरमा छर्रा खेयस."

छर्रे खेळणारा जावई म्हटल्यावर सगळे हसले. गुरुजीसुद्धा हसले. माणसानं अशा वेळी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावावा. मी उभा राहिलो आणि म्हणालो की, मी बनवलेलं घड्याळ विजेच्या ठोक्यावर चालतं, ते कोणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि ते मी लग्नात मांडवात आणून ठेवीन. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "आणाच," ते म्हणाले. "कोणाच्याही मनगटाकडे बघितलं जाणार नाही. माझ्या खिशाकडेसुद्धा. त्या दिवशी तुमचं घड्याळ सांगेल तीच वेळ." परतताना बस पारोळ्याला थांबली. चहा घेताना ही फक्त एवढंच म्हणाली, "लताचं लग्न आता तुमच्या चमच्यावर आलं."

बस्ता फाडायला नाना जळगावला आमच्याकडे येऊन राहिले. कापडाच्या दुकानात ते कंटाळायचे, पण घरी आले की घड्याळासमोर खुर्ची टाकून बसायचे. मला वाटलं, अखेर यांना कदर आली. एकदा पोरांनी एक छर्रा गटारीत घालवला, तेव्हा मी त्याच्या जागी काचेची गोटी टाकली. ती पहिल्याच वळणावर अडकली. मागून येणारे छर्रे तिच्यामागे रांग लावून उभे राहिले आणि वेळ थांबली. मी घाबरून सगळं तपासू लागलो.

नानांनी काठीनं पट्टीला हलकेच टिचकी दिली. गोटी सुटली. "हलकी शे म्हनीसन अडकनी," ते म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी नवा छर्रा आणला.

नाना असतानाच बाईजींचा प्रकार झाला. सकाळी आठचे छर्रे पडले आणि थोड्याच वेळात वीज गेली. वीज गेली की माझं घड्याळ आहे तिथे थांबतं आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतं. हा त्याचा गुण आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. मी अंघोळ, जेवण उरकून कचेरीत जायला निघालो तर सुरेशचंदशेठ दारात.

"भाऊसाहेब, तुमचं घड्याळ चालवा हो! बाईजी उठत नाहीत. पाण्याचा थेंब घेतला नाही सकाळपासून."

"अहो, पण वीज..."

"काहीतरी करा!"

मी आणि सुरेशचंदशेठ भिंतीशी उभे राहिलो आणि मी हिचं जेवणाचं ताट जोरात जमिनीवर आपटलं. पलीकडे जाऊन बघितलं, तर बाईजींनी डोळे न उघडता मान हलवली. ताटाचा आवाज त्यांनी ओळखला होता. मग थाळीतलेच छर्रे ओंजळीत घेऊन एकदम परत थाळीत ओतून बघितले. तरीही नाही. त्यांच्या कानाला आधी पन्हळी कलंडल्याचा आवाज हवा होता. शेवटी वीज आली, घड्याळानं आपल्या सवडीनं नऊ वाजवले आणि बाईजी उठल्या. मी अपराध्यासारखा समोर उभा. त्या म्हणाल्या, "इतकं लांब सामायिक जन्मात झालं नव्हतं. मन असं लागलं, की उठावंसं वाटेना." आणि मला पापड दिले.

हे सगळं नानांनी ओट्यावरून बघितलं. मी घरात आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "घडी थांबनी का बठ्ठा थांबतस?"

"सगळेच थांबतात, असं म्हणा ना, नाना."

"हं," नाना म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही धुळ्याला निघालो. वऱ्हाड भडगावहून ट्रकनं परस्पर येणार होतं; नाना मात्र आमच्याबरोबर होते. घड्याळ चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, याचं सामानाचं तिकीट काढावं लागेल. मी म्हटलं, मांडीवर घेतलेल्या घड्याळाचं तिकीट कुठल्या नियमात? त्यानं विचार केला. त्याच्या नियमांत शिलाई मशीन होतं, सायकल होती, कोंबड्या होत्या, घड्याळ नव्हतं. शेवटी मी त्याला यंत्र समजावून सांगायला चादर उघडली, आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं एक बैलगाडी चुकवली.

सगळे छर्रे उडाले. बसच्या फळ्यांवरून ते पुढे गेले, ब्रेक लागला की आणखी पुढे गेले, चढ आला की सगळे मिळून मागे आले. बायकांनी पाय वर घेतले. कोणीतरी "ट्रान्झिस्टर! ट्रान्झिस्टर!" म्हणून ओरडलं आणि दोन प्रवासी चालत्या बसमधून उतरायला निघाले. मी सीटखाली रांगत होतो. माझ्यामागे, धोतराचा सोगा खोचून, माझे सासरेही रांगत होते आणि मिळेल तो छर्रा टोपीत टाकत होते. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी बरोबर केलेलं ते पहिलंच काम.

मांडवात पोचून मोजलं, तर एक छर्रा कमी. धुळ्यात लग्नसराईच्या दिवशी सायकलीचं दुकान उघडं सापडेना. मी घामाघूम झालो. नानांनी विड्याच्या तबकातून एक चांगली गोल सुपारी निवडली आणि माझ्या हातावर ठेवली. "हाई टाका. गनपती शे, चाली जाई."

कार्यात सुपारीला नाही म्हणायचं तरी कसं? मी टाकली. सुपारी घरंगळली, बसली, कलंडली. तेवढ्यानं मी निश्चिंत झालो. स्टेजशेजारी टेबलावर घड्याळ मांडलं, रेडिओशी वेळ जुळवली. पोरं भोवती जमली. गुरुजींनी येऊन रचना समजावून घेतली, दोनदा मान डोलावली आणि मांडवभर पुन्हा जाहीर केलं की, आज मनगटाकडे बघायचं नाही. नाना काठी घेऊन टेबलाजवळ खुर्चीत बसले ते दिवसभर हलले नाहीत. सुपारी दर काही फेऱ्यांनी वळणावर अडकायची, आणि नाना काठीची टिचकी द्यायचे. ठक. ती सुटायची. मी लांबून बघत होतो आणि सांगतो, मला भरून येत होतं. माझ्या घड्याळाची एवढी काळजी माझ्या बायकोनं घेतली नव्हती.

आमच्या वऱ्हाडाचा ट्रक चक्क वेळेत आला. नानांच्या घराण्यात ही घटना अजूनही सांगितली जाते. लता शालू नेसून, मुंडावळ्या बांधून तयार झाली. नवरदेव मारुतीच्या पारावर गेला होता. गुरुजीही वरातीबरोबर गेले होते. दिवस कलू लागला. भटजींनी अंतरपाट झटकला. लता मामाबरोबर येऊन उभी राहिली. आणि वरातीचा पत्ता नाही.

बँड लांब कुठेतरी वाजत होता. वाजत होता, पण जवळ येत नव्हता. एकजण धावत निरोप घेऊन आला, की गुरुजींचे जुने विद्यार्थी चौकाचौकात वाट अडवून उभे आहेत, आणि प्रत्येक जण म्हणतोय, गुरुजींनी नाचल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. आणि गुरुजी? "नाचतायत," तो म्हणाला.

घड्याळात सातला एक मिनिट कमी होतं. शेवटचा छर्रा पडला की सगळ्या पन्हळी कलंडणार, सगळ्या मांडवाला ऐकू जाणार, आणि गुरुजींनी स्वतःच्या तोंडानं दिलेला शब्द स्वतःच्याच मुलाच्या लग्नावर पडणार. शब्द फिरवणारा तो माणूस नव्हता. लता घड्याळाकडे बघत होती. चमचा वर आला, त्यानं पट्टीवर सुपारी ठेवली. सुपारी घरंगळली आणि वळणावर अडकली.

नानांची काठी हलली नाही.

पुढच्या मिनिटाला एक छर्रा येऊन सुपारीमागे उभा राहिला. मग आणखी एक. सगळ्यांदेखत माझं घड्याळ बंद पडत होतं! मी हात पुढे केला. नानांनी माझं मनगट धरलं. शेतकऱ्याची पकड होती.

"गनपती बठेल शे," ते हळूच म्हणाले. "बठू द्या."

मी हिच्याकडे बघितलं. हिनं डोळ्यांनीच मला खाली बसायला सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खुर्ची ओढली आणि नानांशेजारी बसलो. मांडवात पन्नासेक मनगटी घड्याळं होती, पण गुरुजींच्या हुकुमामुळे सगळ्यांचे हात खाली. भटजींनी आपलं मनगट उपरण्यात झाकून घेतलं. बाहेर पाखरं झाडावर आली, आकाश लाल झालं, मग तांबड्याचं काळं झालं. एका आजोबांनी विचारलं, "सात कव्हय वाजतीन?" मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या गंभीरपणे बोललो. म्हटलं, "वेळ व्हायची आहे."

वरात आली. नवरदेव घोड्यावरून उडी मारूनच धावत आला. त्याच्यामागे गुरुजी, टोपी तिरपी, सदरा भिजलेला, हातात अजून रुमाल. मांडवाच्या दारात ते थबकले. बाहेरचा अंधार त्यांनाही दिसत होता. त्यांचा हात सवयीनं खिशातल्या घड्याळाकडे गेला. मग त्यांनी वर बघितलं, स्टेजशेजारी. सुपारी, आणि तिच्यामागे उभी छर्ऱ्यांची लांबलचक रांग. मास्तरच ते, त्यांना काय मोजायला वेळ लागतोय! चेहऱ्यावर एक क्षण लाज आली आणि गेली.

"टाईम आजून व्हयना नही, गुरुजी," नाना शांतपणे म्हणाले. "या."

गुरुजींनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि टोपी सरळ केली. नवरदेव अंतरपाटाशी उभा राहिला. नानांनी काठी उचलली. ठक. सुपारी सुटली, पन्हळी कलंडल्या, रांगेतल्यांसकट सगळे छर्रे थाळीत कोसळले, आणि त्या आवाजातच भटजींनी "सावधान" म्हटलं. अक्षता पडल्या. लता रडत होती आणि हसतही होती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

जेवणाच्या पंगतीत गुरुजी माझ्याशेजारी बसले. जिलबी वाढून झाल्यावर त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, मांडवातल्या छर्ऱ्यांकडे बघून हिशेब केला आणि चावी फिरवून आपले काटे मागे घेतले. "माझं पुढे गेलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर नाना आम्हाला सोडायला आले. कोणीतरी भेटलं, त्याला त्यांनी सांगितलं, "हाऊ मना जवाई. घडी करस." छर्ऱ्यांचा विषय काढला नाही. बस सुटताना खिडकीतून त्यांनी माझा हात धरला आणि तळव्यावर काहीतरी गार, जड ठेवलं.

छर्रा होता. बसमध्ये हरवलेला.

"मना ट्रकवाला कधीच टाईमवर येत नही," नाना म्हणाले. "म्हनीसन ठेयेल होता. आते काम व्हई गयं."

तो छर्रा मी अजून घड्याळात टाकलेला नाही. सुपारीच चालते आहे. त्यामुळे आमच्याकडे वेळ थोडी मागे असते, पोरांना शाळेत उशीर होतो आणि हिचं बोलणं ऐकावं लागतं. पण सुपारी अडकली, की मी लगेच उठत नाही. भिंतीपलीकडे बाईजी डोळे मिटून बसलेल्या असतात; मीही जरा बसतो, आणि मग काठी नाही म्हणून बोटानं टिचकी देतो.